म्हशीची वार आणि अर्धी मूठ हळद

आमच्या शेजारची वर्षाराणी पोवार नेमकं काय करते, हे शिवाजी पेठेत आठ वर्षं कुणालाच कळलं नव्हतं, त्यामुळे जो तो आपापल्या वकुबानं सांगत असे. दूधवाला म्हणायचा, ती रक्त तपासते. तालमीतली पोरं म्हणायची, ती ताकदीची पावडर बनवते, पण पेठेतल्या पोरांना देत नाही. माझी बायको म्हणायची, ती लग्न टाळते आणि शिकलेल्या बायकांत त्यालाच संशोधन म्हणतात. मी तिचा भिंतीला भिंत लागून शेजारी. शिवाय माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान, म्हणजे पेठेतला छापील आणि बिनछापील सगळा मजकूर माझ्याच काउंटरवरून पुढं जातो. तरी आठातली सहा वर्षं मलाही पत्ता नव्हता. त्या सहा वर्षांत मी लोकांना जे सांगितलं, ते माझ्या मनाचं होतं.

वर्षाराणी अडतिशीची. बुटकी, चष्मेवाली, चालताना जमीन मोजत असल्यासारखी. बी.एस्सी. झाल्यावर नऊ वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या काचा धुतल्या, आणि तिशीला आल्यावर, जेव्हा बाकीच्या बायका मुलांच्या शाळेचे फॉर्म भरायला माझ्याकडे यायच्या, तेव्हा ही स्वतःचा पीएच.डी.चा फॉर्म घेऊन आली. मापाची हौस मात्र आधीपासूनची. पोह्यात मीठ घालताना चमचा सुरीच्या पात्यानं सपाट करणारी पेठेतली ती एकमेव बाई. एका वर्षी तालमीच्या महाप्रसादाला तिच्या हातात शिऱ्याचा चमचा दिला. सगळ्यांना सारखा, तोळाभर इकडं नाही की तिकडं नाही. कोल्हापुरात वाढणं म्हणजे समोरच्यानं दोन्ही हात आडवे घालेपर्यंत वाढणं! तिसऱ्या पंगतीला एक म्हातारा ओरडला, "अगं, वाढतीस का जमीन मोजतीस?" ती शांतपणे म्हणाली, "तात्या, शेवटच्या पंगतीला उरला पाहिजे." उरला. पुढच्या वर्षापासून तिला पाणी वाढायला ठेवलं.

तर सातव्या वर्षी एकदा ती काउंटरवर कागद घेऊन उभी होती आणि मशीनमध्ये कागद अडकला होता. मी म्हटलं, हीच वेळ आहे.

"वर्षे, एकदा सरळ सांग. तू काय करतीस?"

"काका, जखम भरायची तर शरीराला कुणीतरी सांगावं लागतंय, की इथं कातडी वाढवा, इथं नवी शीर काढा. तो निरोप नेणारी प्रथिनं असत्यात. ग्रोथ फॅक्टर म्हणत्यात."

"म्हणजे दवंडी पिटणारा कोतवाल."

"व्हय, कोतवाल. आता साखरेच्या पेशंटच्या पायाला जखम झाली, तर तिथं कोतवाल पुरेसे पोचत न्हाईत. म्हणून वरनं एक पातळ पडदा लावायचा आणि त्यात कोतवाल भरून ठेवायचे. ते त्या पडद्यातनं किती वेगानं सरकत्यात, एवढं मी मोजते."

"एवढंच?"

"एवढंच."

"सात वर्षं?"

तिनं चष्मा काढून पुसला. "साध्या पाण्यातनं ती पळत जात्यात. पण कातडं, चरबी, पापुद्रा, असल्या जिवंत वस्तूतनं जाताना अडखळत्यात, चिकटत्यात. दिवाळीत महाद्वार रोडवरनं जायचं, आणि दर दुकानात एक मावशी भेटायची, असं धरा. किती वेळात पोचाल?"

"मावशी कुठली हाय त्यावर."

"बरोब्बर. ते मोजायला सात वर्षं लागत्यात."

मोजायची तऱ्हा तिनं नंतर दाखवलीसुद्धा. दोन काचेचे पेले आडवे ठेवून तोंडाला तोंड लावायचे आणि मध्ये पडदा चिमटीत धरायचा. एका पेल्यात ते प्रथिन. त्याला आधी एक रंगाचं शेपूट लावलेलं असतं, निळा उजेड पडला की हिरवं चमकणारं. दुसऱ्या पेल्यात नुसतं खारं पाणी. दर अर्ध्या तासानं खाऱ्या पाण्यातला थेंब काढून यंत्रात घालायचा. जेवढी हिरवी चमक, तेवढं प्रथिन पडदा ओलांडून आलं. सहा तास हेच. मी एकदा बघायला म्हणून गेलतो आणि दुसऱ्या थेंबाला झोपलो.

पहिली सहा वर्षं तिनं हे सगळं जिलेटिनच्या थरावर केलं. मग तिचे मार्गदर्शक सौमित्र सर म्हणाले, आता खऱ्या पडद्यावर करू. सौमित्र सर सज्जन. पण त्यांच्या डोक्यात कल्पना येते तेव्हा पायपीट दुसऱ्याच्या पायांना येते. वासरू किंवा रेडकू पोटात असताना ज्या पिशवीत असतं, तिचं सगळ्यात आतलं अस्तर जखमेवर लावायला फार चांगलं, असं त्यांचं म्हणणं. म्हैस व्याली की ती सगळी पिशवी, म्हणजे वार, बाहेर पडतेच. आपल्या जिल्ह्यात म्हशींना काय तोटा? जा, घेऊन ये.

वर्षाला गाडी येत नाही. माझ्याकडं स्कूटर आहे आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. शिवाय असली बातमी पहिल्या हातानं मिळत असेल तर मी पेट्रोल बघत नाही. पेठ वडगावच्या बाजूला आम्ही गोठे हिंडायला लागलो.

आता आमच्याकडची रीत शहरातल्या सरांना कुठून ठाऊक असणार? म्हशीची वार कुणी फेकत नाही आणि कुणाला देतही नाही. ती भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, बारदानात बांधून, वडाला नाहीतर उंबराला टांगायची. झाडाला चीक तसं म्हशीला दूध. कुत्र्यानं खाल्ली तर म्हैस आटली म्हणून समजा. त्यामुळे पहिल्या गोठ्यावर आम्हाला चहा मिळाला आणि नकार मिळाला. दुसऱ्यावर नुसता नकार. तिसऱ्या गोठ्याचा मालक माझ्याकडं रोखून बघत म्हणाला, "पावणं, करणी करायची आसंल तर तुमच्या पेठंतच करा. हिकडं न्हाय."

चौथा गोठा बयाबाईचा. साठीची बाई, नऊवारीचा काचा मारलेला, सहा म्हशी, आणि आवाज असा की सातवी म्हैस असती तर घाबरून व्याली असती.

"वार? खत पायजे आसंल तर शेण न्या की."

"खत न्हाय मावशी," वर्षा म्हणाली. "मला अभ्यासाला पाहिजे."

"झाडाला बांधायची असती ती. कुत्र्यानं वढली तर?"

"कुत्र्याला मिळणार न्हाय. मीच नेणार."

"आणि काय करणार?"

"कापणार. काचेच्या पेल्याला लावणार."

बयाबाईनं माझ्याकडं बघितलं. "पावणं, कुत्रं परवाडलं."

मी हसलो. वर्षा हसली नाही. ती शेणातच उकिडवी बसली आणि पायाच्या जखमेपासून सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याहून चांगलं. बयाबाईच्या दिराचा पाय साखरेनं घोट्यापासून गेलेला, हे आम्हाला कुठं माहीत होतं? तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळी लागती?"

"न्हाय. आतला पापुद्रा फक्त. टॉवेलाएवढा."

"म्हंजे कोटाचं अस्तर."

"व्हय, अस्तर."

"मग कोट झाडाला आणि अस्तर तुला. झाडाला काय कळतंय?"

असा तोडगा मी आजवर ग्रामसभेतही बघितला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी बयाबाईचा फोन आला, म्हैस पहाटे व्याली. आम्ही थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून आठाला तिथं हजर. बयाबाईनं अस्तर सोडवून, धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलेलं. वर्षाला तिनं तो डबा असा दिला, जसा लेकीला सासरी जाताना लाडवांचा देतात. अस्तर किंचित पिवळसर दिसत होतं. वर्षानं जन्मात म्हशीची वार बघितलेली नाही. मी बघितली होती, पण झाडावर. आम्हाला वाटलं, पिवळीच असती.

आणि मग आकडा आला. काय आकडा! सहा तासांत शंभरातलं जवळजवळ निम्मं प्रथिन पलीकडं. जिलेटिनमध्ये जे रखडत रखडत जायचं, ते या पडद्यातून धावत गेलं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. सौमित्र सरांनी म्हणे आलेख बघून तिच्या हातावर पेढा ठेवला. त्यांच्या मते अशी पट्टी देशात कुणाकडं नव्हती. एप्रिलमध्ये बाहेरचे परीक्षक येणार होते, त्यांच्यासमोर शेवटचं सादरीकरण, मग जूनअखेर प्रबंध, मग डॉक्टर वर्षाराणी. वेळेचं महत्त्व यासाठी, की तिच्या नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळाली होती आणि तिसरी मिळत नाही. जून संपला की आठ वर्षं संपली.

हे तिनं मला संध्याकाळी सात वाजता सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणाली. पावणेआठला तालमीत माहीत होतं. मी फक्त एकाला सांगितलं होतं. दुर्दैवानं तो आदर्श निघाला. आदर्श म्हणजे आमच्या तालमीचा फ्लेक्समंत्री. कुणाचा वाढदिवस असो, फुटबॉलचा सामना असो, त्याचा फलक आधी लागतो आणि कारण मागाहून कळतं. तिसऱ्या दिवशी चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स: "पेठेची वाघीण, भावी डॉ. वर्षाराणी पोवार. जखम कुठलीही असो, नाद करायचा नाय!" खाली बावीस पोरांचे फोटो, गॉगलसकट. वर्षाचा फोटो बारावीच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्यांचा. तिची आई तो बघायला रोज नवं लुगडं नेसून चौकात जायची.

सादरीकरणाच्या आधीच्या शुक्रवारी वर्षा पानं छापायला आली. मी एकेक पान काढतोय, ती काउंटरवर कॅल्क्युलेटर बडवतेय. पडद्याची जाडी घालून खरा वेग काढायचा राहिला होता, तेवढा काढत होती. एकदा काढला. दुसऱ्यांदा. मग तिनं माझी वही ओढून हातानं काढला.

"काका, छापायचं थांबा."

"का? शाई संपली न्हाय."

"हे पाण्यापेक्षा वेगानं गेलंय."

"मग चांगलंच की!"

"काका, नुसत्या पाण्यात जेवढ्या वेगानं जातंय, त्याच्यापेक्षा पडद्यातनं वेगानं जाणार कसं? दार उघडं असताना माणूस आत यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्यापेक्षा दार बंद असताना लवकर आला, असं झालंय हे."

मी म्हटलं, आमच्या पेठेत अशी माणसं आहेत. तिनं ऐकलं नाही. तशीच उठून प्रयोगशाळेत गेली, रिक्षानं. उरलेल्या अस्तराचा कोरा तुकडा लावला, एका पेल्यात खारं पाणी, दुसऱ्यातही खारं पाणी. प्रथिनाचा कण नाही. आणि दोन तासांनी यंत्र म्हणालं, चमक आहे. झकास हिरवी चमक.

परत दुकानात आली तेव्हा चेहरा झेरॉक्सच्या कागदासारखा. तिथंच उभ्या उभ्या बयाबाईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, म्हणून मला ऐकू आलं; मी कान लावला नव्हता.

"मावशी, त्या दिवशी वार कशानं धुतलीसा?"

"पाण्यानं. दुसरं कशानं धुत्यात?"

"नुस्त्या पाण्यानं?"

"आणि हळद-मीठ. अर्धी मूठ हळद घिऊन चांगली चोळली दोन्ही अंगानं. पावणी शहरातनं आलीया, तिच्या हातात तसली रक्तानं माखलेली वस्तू कशी द्यायची? वास तरी आला का? सांग की, आला का वास?"

"न्हाय आला मावशी."

"मग!"

फोन ठेवून वर्षा माझ्या स्टुलावर बसली. हळद निळ्या उजेडात हिरवी चमकते. तिच्या रंगाच्या शेपटासारखीच. यंत्राला काय, चमकलं की मोजायचं. चार आठवडे ती प्रथिन म्हणून बयाबाईची हळद मोजत होती. अडतीस वर्षांत वर्षाला हळद लागली नाही ती नाहीच, तिच्या पडद्याला लागली, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. आयुष्यात गिळलेलं ते माझं पहिलंच वाक्य असावं.

शनिवारी सकाळी सौमित्र सर स्वतः दुकानात आले. वर्षा होतीच. सरांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं.

"वर्षा, सोमवारी परीक्षक येतायत. कोऱ्या पडद्याची चमक वजा कर आणि उरलेला आकडा दाखव. वजाबाकी सगळेच करतात, त्यात लबाडी नाही."

"कुठली वजा करू सर? काल रात्री परत जाऊन एकाच वारेचे तीन कोरे तुकडे लावले. एकानं दहा दाखवले, एकानं चाळीस, एकानं पंचवीस. मावशीचा हात जिथं जोरात फिरलाय तिथं जास्त. कुठल्या तुकड्यातनं कुठला आकडा वजा करू?"

"सरासरी घे."

"मावशीच्या हाताची सरासरी?"

बाहेर फ्लेक्सवरची दोन वेण्यांची वर्षा वाऱ्यानं फडफडत होती. मी मध्ये पडलो, "सर, हळद शुभच असती की. ती पण जखमेवर लावत्यातच."

दोघांनीही माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेवर मी हल्ली लोकांना किस्से सांगतो.

सर शेवटी म्हणाले, "परीक्षकांना नुसता आलेख दाखवलास तर कुणी जाडी घालून गणित करणार नाही. करायचं काय ते तू ठरव. मी दोन्हीकडून तुझ्या मागे आहे." हे वाक्य ऐकायला चांगलं होतं, पण दोन्हीकडून मागे असलेला माणूस नेमका कुठं उभा असतो, हे मला अजून समजलेलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. ते प्रथिन परदेशातून बर्फात येतं, मागवल्यापासून पाच महिने लागतात, आणि कुपीत आता एका प्रयोगापुरतंच उरलं होतं. म्हणजे खरं सांगितलं आणि परीक्षक म्हणाले, आकडा आणा, तर एकच डाव. तो फसला की जून.

दरम्यान ती आदर्शला म्हणाली, फ्लेक्स उतरव. आदर्श म्हणाला, "ताई, 'भावी' लिहिलंय. भावी कधीच खोटं ठरत न्हाय. आपल्या भागातले भावी आमदार बघा, वीस वर्षं झाली, हायतच की."

सोमवारी मी पानांचे गठ्ठे पोचवायला गेलो आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिलो. कुणी ऊठ म्हणालं नाही, मी उठलो नाही. समोर तीन परीक्षक. मधल्या बाई पुण्याच्या, पांढरे केस, हातात पेन असं धरलेलं जसं काही सुई टोचणार आहेत. वर्षा उभी राहिली. जिलेटिनची सहा वर्षं तिनं दहा मिनिटांत सांगितली. मग तो आलेख पडद्यावर आला, सरळ वर चढणारा, देखणा. बाई पुढं झुकल्या. सरांनी डोळे मिटले.

"हा आकडा मी चार आठवडे खरा मानला," वर्षा म्हणाली, "तो हळदीचा आहे."

बाईंनी पेनाला टोपण घातलं.

"हळद कुणी लावली?" बाईंनी विचारलं.

"म्हशीच्या मालकिणीनं. पाहुण्याला स्वच्छ वस्तू द्यावी म्हणून."

उजवीकडचे परीक्षक हसले, मग डावीकडचे. बाई हसल्या नाहीत.

"तुम्ही कोरा पडदा आधी का नाही तपासलात?"

"जिलेटिनच्या वेळी कोरा थर तपासला होता. तो काळा होता, चमक शून्य. पडद्याच्या वेळी तेच धरून चालले. घाई झाली. चूक माझी आहे, मालकिणीची नाही."

"घाई तुमची की सरांची?"

सरांनी डोळे उघडले. वर्षा म्हणाली, "हात माझे होते."

आम्हाला बाहेर काढून त्यांनी पाऊण तास दार लावलं. सर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते. वर्षा बाकावर बसून बोटांनी काहीतरी मोजत होती, बहुतेक फरशा. मग आत बोलावलं आणि निकाल तीन वाक्यांत आला: जिलेटिनचं काम मान्य. खऱ्या पडद्याचा आकडा नसेल तर प्रबंध अपुरा. तीस जूनच्या आत आणला तर स्वीकारू, नाहीतर नोंदणी रद्द.

आता आली पंचाईत बयाबाईची. कारण तिच्या हळदीमुळं गोंधळ झाला, ही बातमी वडगावपर्यंत पोचली होती. कशी पोचली, हे मला विचारू नका. आम्ही मेमध्ये गोठ्यावर गेलो तर बाईनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"माझ्या हळदीला नावं ठिवतीस? शेतातली हळद हाय ती, दुकानातली न्हवं."

"मावशी, नावं न्हाय ठेवली—"

"पन्नास बाळंतपणं काढली मी त्या हळदीवर. माणसांची बी आणि म्हशींची बी."

"मावशी, हळद एवढी अस्सल की यंत्रानं माझं प्रथिन सोडून तिलाच बघितलं. दुकानातली असती तर एवढी चमकली नसती."

बयाबाई थबकली. "खरं?"

"खरं. ते मी प्रबंधात लिहिणार हाय. एक अख्खं प्रकरण."

"नाव घालणार?"

"तुमचं घालणार."

"म्हशीचं बी घाल. चंद्री." मग पाणी आलं, चहा आला. "जूनमदी हरणी व्यायची हाय. पण धुवायची न्हाय म्हंतीस? तशीच रक्ताची दिऊ? माझा हात वळायचा न्हाय गं."

"म्हणून मीच येऊन बसते. पडली की मीच घेते."

हरणीला पंचांग ठाऊक नव्हतं. जूनची वीस झाली, बावीस झाली. वर्षा सकाळपासून गोठ्यात बसायची आणि अंधार पडायच्या आत मी तिला घेऊन यायचो. ती वैरण घालायची, तेही मापात; म्हशींना फरक पडत नव्हता. चोवीस तारखेला सकाळी नऊला रेडकू आलं. वार यायला दुपारचा एक वाजला. ते चार तास वर्षानं जसे काढले, तसे परीक्षकांसमोरही काढले नसतील. वार पडली, तिनं हातमोजे घातलेल्या हातांनी आतलं अस्तर सोडवायला घेतलं, तोवर बयाबाई घरातून आली. हातात डबा. झाकण उघडलेलं. बाईचा पंजा आत गेला, पिवळा होऊन बाहेर आला, आणि अस्तराकडं निघाला.

"मावशी!" वर्षानं कोपरानं तिचं मनगट अडवलं.

बयाबाई स्वतःच्या हाताकडं असं बघत राहिली, जसा काही तो दुसऱ्याचा आहे. "आगं बया. सवयीनं गेला की."

मग तिनं तो हात हरणीच्या पाठीवर पुसला. वर्षा अस्तर घेऊन तीन पावलं मागं सरकली आणि मला म्हणाली, "काका, स्कूटर चालू करा. आणि तुम्ही पण हात लावू नका." मी काय हळद घेऊन हिंडत होतो?

दुसऱ्या दिवशी तिनं मला प्रयोगशाळेत येऊ दिलं, चपला बाहेर काढून आणि तोंड बंद ठेवायच्या अटीवर. आधी कोरा तुकडा लावला. दोन तासांनी थेंब यंत्रात. आकडा आला: शून्य. तिनं परत घातला. शून्य. तीन कोरे तुकडे, तिन्ही शून्य. शून्य बघून एवढी खूश झालेली बाई मी पहिल्यांदाच बघितली. आमच्या घरी पोराच्या गणितात तेवढंच आलं तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

मग कुपी उघडली. उरलेलं सगळं प्रथिन एका पेल्यात. पहिला अर्धा तास, काही नाही. दुसरा, काही नाही. सौमित्र सर येऊन मागं उभे राहिले. तिसऱ्या तासाला बारीकशी चमक. सहाव्या तासाला तिनं आकडा लिहिला: शंभरातले तीन पूर्णांक एक.

"फार कमी आहे, वर्षा," सर म्हणाले.

"आहे तेवढं आहे, सर."

"बाकीचं गेलं कुठं?"

"पडद्यातच बसलंय. चिकटून. मावश्या भेटल्यात वाटेत." आणि मान वर न करता, "हळूहळू सुटत राहील. किती दिवस, ते मोजायला नवी कुपी लागेल. पण तो या प्रबंधातला आकडा नव्हे. या प्रबंधातला आकडा तीन पूर्णांक एक."

सरांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसून गणित केलं, जाडी घालून. वेग पाण्यापेक्षा कितीतरी कमी. जसा असायला हवा तसा.

एकोणतीस जूनला मी चार प्रती बांधल्या. हळदीचं प्रकरण त्यात आहे, सतरा पानांचं. तीन तुकडे, तीन आकडे, आणि चूक कुणाची ते स्पष्ट. सर म्हणत होते परिशिष्टात टाक, तिनं मध्येच ठेवलं. प्रबंध कार्यालयात स्वीकारल्याचा शिक्का पडला तेव्हा तिनं तिथूनच बयाबाईला फोन केला.

"मावशी, झालं. शंभरातले तीन निघाले."

"तीन? एवढ्याचसाटी गोठ्यात बसलतीस?"

"व्हय."

"आणि आदी किती आलतं?"

"पन्नास."

पलीकडं थोडा वेळ म्हशीचाच आवाज आला. "मग ते पन्नास माझं हुतं म्हण की," बयाबाई म्हणाली, आणि एवढी खूश झाली की खरवस न्यायला बोलावलं.

पेठेत मी आकडा पाच सांगत होतो. तीन म्हणजे फारच केविलवाणं वाटतं, आणि पेठेच्या मानाचा प्रश्न आहे. तिसऱ्या दिवशी वर्षाराणी दुकानात आली, काउंटरवर चार गिऱ्हाइकं असताना म्हणाली, "काका, तीन पूर्णांक एक," आणि माझी वही ओढून त्यात लिहून गेली.

आता मी तीनच सांगतो. पूर्णांक एक सोडून.